चौकापलीकडून दिसणारी गाडी

आमच्या ह्यांनी जन्मभर इंजिनं बनवली आणि त्यातलं एकही गाडीला लागलेलं धड पाहिलं नाही. ही त्यांची खंत होती, आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी ती मला सांगितली नव्हती. काशीच्या इंजिन कारखान्यात ते टेस्टिंगला होते. तयार झालेलं डिझेल इंजिन त्यांच्याकडे यायचं. त्याच्या मोटारी, वायरी, रिले सगळं तपासून ते पास करायचे आणि मग ते इंजिन एकटंच निघून जायचं, कधी गोंड्याला, कधी गुंटकलला. "पोरी वाढवायच्या, सासरी धाडायच्या, आणि त्यांचा संसार कसा चालला ते पाहायला कधी जायचं नाही, तसं झालं," असं ते एकदा जेवताना म्हणाले. मी म्हटलं, "आपल्याला पोर एकच, तोही मुलगा, तोही अमेरिकेत. त्याचा संसार तरी कुठे पाहिलात?" माझी जीभ अशीच आहे. माहेर काशीतल्याच रामघाटावरचं, भिक्षुकाचं घर. यजमानांशी चाललेली हुज्जत ऐकतच मोठी झाले.

निवृत्तीनंतर आम्ही कारखान्याच्या कॉलनीतलं क्वार्टर सोडलं आणि बालाजी घाटाच्या मागच्या गल्लीत एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. हट्ट माझा होता. हे वर्ध्याकडचे, ह्यांना गंगेचं एवढं काही नव्हतं. पण घर त्यांना आवडलं. मधे खालपर्यंत उघडा चौक, वर माकडांसाठी लोखंडी जाळी, चारी बाजूंनी गॅलरी आणि एका अंगाला चौकाकडे तोंड केलेलं लांबलचक मोकळं दालान. दालानाला भिंत नव्हती, नुसते खांब. "इथे एक टेबल राहील," एवढंच ते म्हणाले होते.

पहिल्या वर्षी ते रोज सकाळी रिक्षाने कॅन्ट स्टेशनवर जायचे. गाडी येते, तिचं इंजिन सुटतं, दुसरं इंजिन मागच्या टोकाला लागतं आणि गाडी आली तशी उलटी निघते, हे त्यांना पाहायचं असायचं. इंजिन बदलताना दोन्ही इंजिनं मोकळी दिसतात, त्यांची चाल कळते, असं त्यांचं म्हणणं. घरी आले की कुठलं इंजिन आपल्या हातून गेलेलं होतं ते सांगायचे. मी भाजी चिरता चिरता हं हं करायची. सुनांबद्दल सांगावं तसं ते सांगायचे, ही खोकते, ती दमाची आहे.

मग एक दिवस एका सामानाच्या हातगाडीवर आदळून प्लॅटफॉर्मवर पडले. हातगाडीवाला ओरडला, "चाचा, अंधे हो का?" घरी येऊन त्यांनी हे मला हसत हसत सांगितलं. त्यानंतर कार्तिकात आम्ही पंचगंगा घाटावर आकाशदिवे पाहायला गेलो. बांबूंवर टांगलेल्या टोपल्यांमधून दिव्यांची रांगच्या रांग लागली होती आणि हे म्हणाले, "यंदा फार कमी लावले नाही?" मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोरच्या एकाच बांबूकडे बघत होते.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडांकडून आत आत जात होती. मधलं तेवढं चांगलं राहतं, म्हणून माणसाला वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. गेलेलं परत येणार नाही, थेंब घाला, राहिलेलं जितकं टिकेल तितकं टिकेल, असं डॉक्टर म्हणाले. परत येताना रिक्षात मी रडले. ह्यांनी रिक्षावाल्याला चेन सैल झाल्याचं सांगितलं.

त्यांचं स्टेशनवर जाणं मी बंद केलं. ते भांडले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्या दिवसांत एकदा चहा पिताना ते म्हणाले, "मला एकदा बसून नीट पाहायचं आहे. एक इंजिन सुटलं, दुसरं लागलं, गाडी निघाली. माझ्या घरात, माझ्या टेबलावर. डोळे आहेत तोवर." डोळे आहेत तोवर हे शब्द त्यांनी तेव्हा एकदाच उच्चारले. पुढे कित्येक महिने डोळ्यांचा विषय काढला की ते उठून जायचे.

त्यांच्याकडे विजेवर चालणारं, खेळण्यातलं एक छोटं इंजिन होतं. ऐन उमेदीत कारखान्याने त्यांना ट्रेनिंगला परदेशी पाठवलं तेव्हा विकत घेतलेलं, हाताच्या तळव्यावर मावेल एवढं, आणि इकडे बनणाऱ्या मोठ्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती. इतकी वर्षं ते माझ्या शालूच्या कपाटात मलमलीत गुंडाळून होतं. दुसरं इंजिन मुलगा पाठवतो म्हणाला. पण नुसती दोन इंजिनं असून भागत नाही, हे मला तेव्हा कळलं. साध्या खेळात रुळांत करंट सोडला की रुळांवरची सगळी इंजिनं एकदमच पळतात. एकाला थांब आणि दुसऱ्याला चल, असं सांगता येत नाही. त्यासाठी अमेरिकेत तेव्हा नवी डिजिटल पद्धत निघाली होती. इंजिनाच्या पोटात नखाएवढा डिकोडर बसवायचा आणि त्याला नंबर द्यायचा. रुळांत करंट कायम असतो, पण हातातल्या कंट्रोलरवरून ज्याचा नंबर पुकारावा तेच इंजिन हलतं. बाकीची ऐकतात आणि गप्प उभी राहतात. मी म्हटलं, "आमच्या माहेरी पंगतीत असंच होतं. ज्याचं नाव घ्यावं त्यानेच उठायचं."

रविवारी सकाळी आम्ही चौखंब्याच्या फोनबूथवर जायचो, मुलाशी बोलायला. तो म्हणाला, "बाबा, दोन प्रकार आहेत. एका कंपनीचं सगळं स्वतःचं आहे. कंट्रोलचा डबा तिचा, इंजिनं तिची, रूळही तिचे. खोक्यातून काढा आणि चालवा. दुसरा प्रकार म्हणजे बऱ्याच कंपन्यांनी मिळून एक भाषा ठरवली आहे. कुणाचाही कंट्रोलचा डबा, कुणाचंही इंजिन. पण जुळवाजुळव आपली आपण करायची."

ह्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "दुसरा," म्हणाले.

बूथमधून बाहेर आल्यावर मी वाद घातला. तयार मिळत असताना जुळवाजुळव कशाला? तर मला गल्लीभर ऐकवत आले. काशीत तेव्हा छोटी लाइन उखडून मोठी टाकण्याचं काम नुकतंच झालं होतं. छोट्या लाइनचा डबा मोठ्या लाइनवर चढत नाही, म्हणून इतकी वर्षं पोती या डब्यातून त्या डब्यात हमालांच्या पाठीवरून गेली. "दोन लाइनी ठेवल्या की काय होते ते मी उभा जन्म पाहिलं. आता घरातच छोटी लाइन घालू काय?" आणि खरं कारण शेवटी, घराची पायरी चढताना सांगितलं. पहिल्या कंपनीचा कंट्रोलचा डबा दुसऱ्याचं इंजिन ओळखत नाही. म्हणजे कपाटातलं जुनं इंजिन कायमचं बाद झालं असतं. त्यांना दोन इंजिनं हवी होती, आणि त्यातलं एक तेच हवं होतं.

मग कुठला डिकोडर मागवायचा, हा प्रश्न आला. जुन्या मोटारीला करंट जास्त लागतो. लहान डिकोडर घातला तर तो जळतो. म्हणून इंजिनाची चाकं दाबून धरून ते किती करंट खातं ते मोजायचं होतं. मी म्हटलं, "मी धरते, तुम्ही मीटर बघा." ते म्हणाले, "मी धरतो. काटा तू पाहा." मी काटा वाचला. त्यांनी मनात हिशेब केला आणि मुलाला बरोबर आकडा कळवला. चष्मा पुसलेला नाही, असं काहीतरी मधेच पुटपुटले. चष्मा मीच सकाळी पुसला होता.

हातातला कंट्रोलर निवडताना मात्र खडाजंगी झाली. एक होता बटणांचा, छोट्या पडद्यावर आकडे दिसणारा. दुसऱ्याला मोठं गोल बटण होतं, रेडिओच्या कानासारखं पिळायचं. ह्यांना आकड्यांचा हवा होता. मी म्हटलं, "अहो, डोळ्यांना झेपेल तो मागवा. झूठमूठ शान कुणाला दाखवायची आहे?" ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फोनवर मुलाला म्हणाले, "गोल बटणवाला पाठव. तुझ्या आईला सोपा पडते." मी ऐकून घेतलं. बिनतारीसुद्धा मिळत होता, पण बिनतारी यंत्राला आपल्याकडे लायसन लागतं, कस्टमवाले ठेवून घेतील, म्हणून ह्यांनी तारेचाच सांगितला. तार फार लांब नव्हती.

मुलाच्या एका मित्राच्या आईबरोबर सामान आलं. तिकडची वीज निम्म्या दाबाची, म्हणून ह्यांनी एका ओळखीच्या दुकानदाराकडून ट्रान्सफॉर्मर बनवून घेतला. दालानात टेबल लागलं, प्लायवूडवर रूळ ठोकले. संध्याकाळी आमच्या गल्लीत बल्बसुद्धा दमून लाल व्हायचा, म्हणून सगळं सकाळीच चालवायचं ठरलं. नवीन इंजिनात डिकोडरची जागा तयार होती. खटकन बसला. नंबर दोन दिला. गोल बटण पिळलं आणि ते इंजिन टेबलाच्या टोकापर्यंत जाऊन आलं. खालचा पानवाला आवाज ऐकून वर आला आणि म्हणाला, "का हो इंजीनियर साहब, गाड़ी राइट टाइम बा?" हे म्हणाले, "राइट टाइम." फार दिवसांनी असे हसले.

जुन्या इंजिनाला मात्र तारा डाखायच्या, म्हणजे सोल्डर करायच्या होत्या. ते त्यांना जमणार नव्हतं, आणि ते त्यांनी म्हटलंही नाही. डाखायची कांडी माझ्या हातात दिली, एवढंच. फुलवाती वळून वळून माझी बोटं बारीक कामाला सरावलेली होती. ते शेजारी स्टुलावर बसून सांगत होते, "नारिंगी तार मोटारीच्या वरच्या पायाला. काळी रुळाकडच्या पट्टीला. घाई नको." मी करत गेले. मला मजा येत होती, खरं सांगते. इतक्या वर्षांत त्यांच्या कामात मी पहिल्यांदाच हात घातला होता. झाल्यावर त्यांनी विचारलं, "मोटारीला दुसरी कुठली तार आहे काय?" मी नीट पाहून सांगितलं, "दुसरी तार नाही."

इंजिन रुळांवर ठेवलं. बटण पिळायच्या आधीच केस जळल्यासारखा वास आला आणि त्याच्या छपराच्या फटीतून धुराची बारीक रेघ वर गेली. मी ओरडले आणि प्लग ओढला.

ह्यांनी इंजिन बोटांनी चाचपलं. मग म्हणाले, "मोटर खाली कशावर टेकली आहे?"

"सांगाड्यावर."

"मधे पट्टी आहे काय? पितळेची?"

"आहे. स्प्रिंगसारखी. मोटारीच्या खालच्या पायापासून सांगाड्याला टेकली आहे."

त्यांनी डोळे मिटले. मग मला समजावून सांगितलं, शांतपणे, ट्रेनिंगच्या मुलांना सांगावं तसं. मोठ्या इंजिनाचं अंग मेलेलं असतं. मोटारीचा करंट अंगाला शिवताच रिले पडते आणि इंजिन जागच्या जागी बंद होतं. ते जन्मभर हेच तपासत आले होते, की अंगाला करंट शिवत नाही ना. म्हणून छोट्याचंही अंग मेलेलंच असणार, हे ते धरून चालले. पण छोट्यात एक तार वाचवण्यासाठी सांगाड्यातूनच करंट नेलेला होता. मोटर सांगाड्यापासून तोडल्याशिवाय डिकोडर बसवायचा नसतो. परदेशातला एखादा हौशी दुकानदार ही चूक करणार नाही. इंजिनाच्या कारखान्यातलाच माणूस करेल.

"आणि तरी," ते म्हणाले, "पट्टी दिसली असती तर मी ओळखलं असतं. कुणीही ओळखलं असतं." मग म्हणाले, "अगं, मला दिसत नाही."

इतके महिने मी हेच त्यांच्या तोंडून ऐकण्यासाठी भांडत होते. आणि ऐकल्यावर वाटलं, नको होतं. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. डाखताना बोटाला चटका बसला होता, त्याची आग नंतर कळली.

त्या रविवारी बूथमध्ये त्यांनी मुलाला स्वतःच सांगितलं, "डिकोडर जळला. मला दिसत नाही, म्हणून जळला. दुसरा पाठव, आणि लवकर पाठव." लवकर का, ते मुलाने विचारलं नाही. रिसीव्हर माझ्या हातात आला तेव्हा तो नुसता श्वास घेत होता. "ये म्हणत नाही मी," त्याला म्हटलं, "पण डिकोडर पाठव रे बाबा."  बूथवाल्याने रस्त्याकडे तोंड फिरवलं.

दुसरा डिकोडर यायला पावसाळा उलटला. तोवर मी त्यांच्या डोळ्यांत वेळच्या वेळी थेंब घालत होते आणि दर वेळी बोट हलवून विचारत होते, इथे दिसतं का, आणि इथे? ते वैतागायचे. "काय रोज रोज परीक्षा घेऊन राहिली?" मीही वैतागायची. पण न विचारता राहवत नव्हतं.

या वेळी मी आधी पितळेची पट्टी कापली, मोटारीखाली जुन्या एक्सरेच्या फिल्मचा तुकडा सारला आणि त्यांनी मीटर लावायला सांगून तीन-तीनदा खात्री करून घेतली. मगच डाखलं. जुन्या इंजिनाला नंबर एक दिला. ते चाललं. आता दोन इंजिनं एका रुळावर उभी होती आणि आपापल्या नंबराला जागत होती. ह्यांनी सगळी मांडणी केली. चार डबे, पुढे एक नंबर, मागच्या बाजूच्या रुळावर दोन नंबर वाट बघत. खराट्याचा हीर घालून डब्याचा आकडा, म्हणजे जोडणारा हूक, सोडवायचा. ते टेबलाशी बसले, गोल बटण हातात घेतलं.

एक नंबर सुटलं. ते त्याच्या मागे मान वळवत गेले, गेले, आणि दोन नंबर येऊन डब्यांना लागलं ते त्यांना दिसलंच नाही. आवाज झाला तेव्हा त्यांनी मान फिरवली. तोवर झालं होतं. पुन्हा केलं. या वेळी दोन नंबरावर नजर ठेवली, तर एक नंबर सुटलेलं कळलं नाही. त्यांच्या डोळ्यात एका वेळी एकच इंजिन मावत होतं. टेबलाची दोन टोकं एकदम दिसणं संपलं होतं, आणि इंजिन बदलणं म्हणजे तर दोन्ही टोकांची गोष्ट.

त्यांनी बटण ठेवलं, उठले आणि गॅलरीतल्या नळावर हात धुवायला गेले. मी टेबलाशी तशीच बसले होते. मला त्या दोन्ही इंजिनांचा राग आला होता, आणि अमेरिकेचा, आणि डॉक्टरांचा, आणि देवाचा तर आलाच होता.

"हलू नकोस," ते तिकडून ओरडले.

नळापाशी, ओल्या हातांनी, ते दालानाकडे तोंड करून उभे होते. "पूर्ण टेबल दिसून राहिलं मला. दोन्ही टोकं."

नजरेची फट बारीक असली तरी दुरून तिच्यात जास्त मावतं, हे त्यांना जवळ बसून सुचलं नव्हतं, मलाही नाही. मधली नजर त्यांची अजून चांगली होती, तेवढ्या अंतरावरून इंजिनं स्पष्ट दिसत होती. पण कंट्रोलरची तार नळापर्यंत पोचत नव्हती. म्हणून गोल बटण मी हातात घेतलं. ते तिथून सांगायला लागले आणि मी चालवायला लागले.

"एक नंबर. सावकाश. अजून सावकाश. थांब. आता हीर घाल. वर उचल. एक नंबर, पुढे. पुढे जाऊ दे. आता दोन नंबर. हळू, अगं हळू, लग्नाला नाही चाललं ते. टेकव."

खट्ट.

"लागलं," ते म्हणाले. "घे. निघ."

गाडी आली तशी उलटी निघाली. ते चौकाच्या कठड्याला धरून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं थेंब वाहिले. मग आठवलं की थेंब अजून घातलेच नव्हते.

त्या हिवाळ्यात आम्ही रोज सकाळी गाडी चालवली. आमचं इतकं बोलणं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षीही झालं नसेल. मी घाई केली की ते रागवायचे, त्यांनी उशिरा सांगितलं की मी. पानवाला खालून विचारायचा, "आज ड्राइवर के बा?" हे म्हणायचे, "चाची." तो म्हणायचा, "तब त गाड़ी लेट होई." चौकातून सगळं ऐकू जायचं.

पण मी बघत होते. नळापासून ते कोपऱ्याकडे सरकले. होळीच्या आसपास कोपऱ्यातून पलीकडच्या बाजूला वळले. दर थोड्या दिवसांनी एखादं पाऊल मागे. कधी म्हणायचे, "इथे ऊन चांगलं आहे," कधी म्हणायचे, "इथून कोन चांगला मिळते." आम्ही दोघंही समजून होतो. डोळ्याची फट बारीक होत होती आणि ती भरून काढायला ते मागे मागे जात होते. मी त्यांचा स्टूल नेऊन ठेवायची आणि उन्हाबद्दल बोलायची. आंब्याच्या दिवसांत ते चौक ओलांडून थेट समोरच्या गॅलरीत पोचले. मला आता ओरडून सांगावं लागायचं, आणि त्यांनाही. खालच्या मजल्यावरची बाई म्हणायची, तुमच्या घरात सकाळी भांडण होतं की भजन, काही समजत नाही.

समोरच्या गॅलरीमागे शेजाऱ्यांची भिंत होती. ते स्टूल भिंतीकडे सरकवत नेत होते. एका सकाळी त्यांनी स्टूल बाजूला केला आणि उभे राहिले. पाठ भिंतीला लावली. मग मागे हात नेऊन भिंत चाचपली, अजून थोडी जागा सापडेल अशा तऱ्हेने. मी बटण हातात धरून वाट बघत होते.

"सोडू का एक नंबर?" मी विचारलं.

ते बराच वेळ बघत राहिले. मान जरा डावीकडे केली, जरा उजवीकडे.

"आता मावत नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, टेबल लहान करू. रूळ कापू, डबे कमी करू, एकच डबा ठेवू. मी काय काय बोलत सुटले मला आठवत नाही. गच्चीवरून बघा म्हटलं, शेजाऱ्यांची भिंत पाडू म्हटलं. ते ऐकत होते. माझं बोलणं संपल्यावर म्हणाले, "राहू दे. पाहिलं मी. पोटभर पाहिलं." आणि लगेच म्हणाले, "तू टेबलाच्या पुढे ये जरा. बटण ठेव."

"मला काय बघायचंय, म्हातारीला," मी ओरडले. 

"ये ना."

मी बटण ठेवलं. टेबलाच्या पुढे, दालानाच्या कडेशी जाऊन उभी राहिले. अंगावर घरातलं साधं लुगडं होतं आणि हात कुठे ठेवावेत ते कळेना. चौकापलीकडून ते माझ्याकडे बघत होते.

"दिसते का?" मी विचारलं.

"दिसते. आता चाल थोडी. इकडून तिकडे." मी पाऊल उचललं तसे ते म्हणाले, "हळू. हळू चाल, म्हणजे नजरेतून सुटणार नाहीस."

मी टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेले.